२६ गिगाहर्ट्झ, ३ किमी, मध्ये सागाचा पट्टा: २५६ घटकांचं पॅनल पुरेल की १०२४ घ्यावं?

पैनगंगाकाठ (प्रश्न)

जागा यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. ४० मीटरचा लॅटिस टॉवर उभा आहे, पॅनलला ३८ मीटरवर जागा मिळते. तिथून गाव सरळ रेषेत ३ किमी. उंबरठे साधारण १२०. मध्ये कपाशी-तुरीची शेतं, एक नाला, आणि गावाच्या ४०० मीटर अलीकडे सागाचा पट्टा. रेषेच्या दिशेने त्याची जाडी सुमारे ३० मीटर, झाडं १८ मीटरपर्यंत. घरं बहुतेक कवेलूची आणि टिनाची, सीपीई (घराकडचा रेडिओ-अँटेनाचा डबा) बसवायला जास्तीत जास्त ६ मीटर उंची.

ज्या मोबाईल कंपनीबरोबर भागीदारी आहे तिचं म्हणणं, २६ गिगाहर्ट्झवर घरोघरी फिक्स्ड वायरलेस (केबलऐवजी रेडिओने इंटरनेट) द्यायचं. १६ × १६, म्हणजे २५६ घटकांचं (छोट्या अँटेनांचं) पॅनल सुचवलंय. वरचा पर्याय ३२ × ३२, १०२४ घटक. मार्चमध्ये चाचणी घेतली तेव्हा काही छपरांवर सिग्नल मिळाला होता.

प्रश्न तीन:
१. १०२४ घटक घेतले तर साग भेदून जाईल का?
२. पावसात काय होईल?
३. अतिविशाल अ‍ॅरेमध्ये (घटकांच्या मांडणीत) नियर फील्ड (अँटेनाजवळचा भाग, जिथे लाटा अजून सपाट झालेल्या नसतात) वापरून एकाच दिशेतल्या मागच्या-पुढच्या घरांना वेगळा बीम देता येतो असं वाचलं. ते इथे उपयोगी आहे का?

तरंगलांबी

आधी आकडे मांडू.

फ्री स्पेस लॉस (मोकळ्या हवेत अंतरामुळे होणारी घट, डेसिबलमध्ये म्हणजे डीबीत; १० डीबी म्हणजे दहापट) = ९२.४५ + २० लॉग(गिगाहर्ट्झ) + २० लॉग(किमी). २६ गिगाहर्ट्झ आणि ३ किमीला हा १३० डीबी येतो. ३.५ गिगाहर्ट्झला तेवढ्याच अंतरावर ११३. मधले १७ डीबी भरून काढायला मोठा अ‍ॅरे असतो, आणि वारंवारिता वाढली की तो बसतोही लहान जागेत. तिरुपतीजवळ गादंकीच्या एमएसटी (वातावरण अभ्यासायच्या) रडारमध्ये १०२४ यागी अँटेना आहेत, पण ते ५३ मेगाहर्ट्झवर चालतं म्हणून त्याला साधारण १३० मीटर बाजूचं मैदान लागतं. २६ गिगाहर्ट्झवर तरंगलांबी ११.५ मिमी, अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने ३२ × ३२ घटक मांडले तर बाजू १८.५ सेंमी.

गेन (पॉवर एका दिशेत एकवटल्याचा फायदा): एका घटकाचा ५ डीबी धरा, त्यात १० लॉग(घटकांची संख्या) मिळवा. २५६ ला २९, १०२४ ला ३५. प्रत्येक घटकामागे १० मिलिवॅट दिले तर २५६ चा ईआयआरपी (बीमच्या दिशेतली प्रभावी पॉवर) ६३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डीबी). फीड आणि रेडोमचे (झाकणाचे) ३ डीबी वजा करून ६० धरू. बाहेर लावायच्या सीपीईचा गेन २२ धरला तर गावात −४८ डीबीएम पोहोचतात. ४०० मेगाहर्ट्झ रुंदीला, ७ डीबी नॉइज फिगरसह (रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट), नॉइज −८१. म्हणजे कोरड्या, मोकळ्या रेषेत एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर) ३३ डीबी. उत्तम.

आता साग. वाइसबर्गरच्या (झाडांतल्या लॉसच्या) सूत्राने २६ गिगाहर्ट्झवर ३० मीटर भरगच्च पानांतून सुमारे २५ डीबी जातात. ३३ चे ८ उरले. १०२४ घेऊन एकूण पॉवर तेवढीच ठेवली तर ६ डीबी परत येतात. प्रत्येक घटकाला तेवढीच पॉवर दिली तर १२. पण मग आरएफ पॉवर २.५ वॅटवरून १० वॅटवर जाते, आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर बॅक-ऑफमध्ये (कमाल पॉवरच्या बराच खाली) ७ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने चालत असेल तर त्या १८.५ सेंमीच्या चौकोनातून १४० वॅट उष्णता बाहेर काढायची. मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५–४६, वरून पॅनलवर थेट ऊन. पॅनल स्वतःच पॉवर कमी करेल आणि १२ डीबी कागदावर राहतील.

मार्चच्या चाचणीवर तर अजिबात विसंबू नका. तेव्हा साग निष्पर्ण असतो, नुसत्या फांद्यांचा लॉस पानांच्या निम्म्याच्याही आत असतो. पाऊस लागला की नवी पानं येतात आणि ती मोठी, वर ओली. जिथे साग-पळस-मोह मध्ये येतात तिथली चाचणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घ्यायची.

पाऊस: तासाला ५० मिमीच्या सरीत २६ गिगाहर्ट्झवर आडव्या पोलरायझेशनला (लाटेच्या कंपनाची दिशा) किमीमागे सुमारे ८ डीबी, उभ्याला साडेसहा (थेंब पडताना चपटे होतात म्हणून). ५जी पॅनल बहुधा ±४५ अंशांचं दुहेरी असतं, त्यामुळे साडेसात धरा. ३ किमीला २२ डीबी. मोकळ्या रेषेत ३३ चे ११ उरतात. वेग घसरतो पण लिंक टिकते. तासाला १०० मिमीच्या दराला हाच आकडा ४३ डीबी, तिथे लिंक तुटणार. तसा दर काही मिनिटंच टिकतो, ते गावाला आधीच सांगून ठेवा. साग आणि पाऊस एकत्र आले की मात्र साध्या सरीतही काही उरत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. घटक चौपट केले की ६ डीबी मिळतात, अँटेना झाडाच्या वर नेली की २५. पैसे उंचीवर घाला.

लिलाववाले

छोटी पण महत्त्वाची गोष्ट. २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झच्या या पट्ट्याचा बराचसा भाग २०२२ च्या लिलावात विकला गेलाय. तेव्हा जिओने प्रत्येक सर्कलमध्ये १००० मेगाहर्ट्झ घेतले, एअरटेलने ८००. विदर्भ महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो. त्यामुळे तुमचा करार नक्की कोणाच्या स्पेक्ट्रमवर आहे आणि रेडिओ कोणाच्या नावावर चालेल ते लेखी घ्या. बाहेरच्या वेबसाइटवरून ६० गिगाहर्ट्झचे जोड मागवून ‘परवाना लागत नाही’ म्हणून बसवणारे भेटतील, त्या भरवशावर राहू नका. ५.८ गिगाहर्ट्झ (५७२५–५८७५ मेगाहर्ट्झ) २०१८ पासून परवानामुक्त आहे, ईआयआरपीची मर्यादा ३६ डीबीएम, उपकरण ईटीए (दूरसंचार विभागाची उपकरण-मंजुरी) असलेलंच घ्या.

पैनगंगाकाठ

स्पेक्ट्रम कंपनीचं, रेडिओही त्यांच्याच नावावर, ते लेखी आहे. उंचीचं पटलं. गावात ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी आहे, वरचा स्लॅब जमिनीपासून १५ मीटर. त्यावर किती उंचीचा पाइप लागेल?

तरंगलांबी

टॉवरपासून साग २.६ किमीवर. त्या जागी पहिल्या फ्रेस्नेल झोनची (रेषेभोवती मोकळी हवी त्या जागेची) त्रिज्या = १७.३२ × वर्गमूळ(२.६ × ०.४ ÷ (२६ × ३)), म्हणजे २ मीटर. त्याच्या ६० टक्के, १.२ मीटर मोकळे हवेत. या वारंवारितेचा हा एक फायदा, ३.५ वर तिथेच साडेपाच मीटर त्रिज्या आली असती. झाड १८, पुढच्या वाढीचे २, वर १.२, असे २१.२ मीटर. ३८ मीटरवरून निघालेली रेषा त्या ठिकाणी २१.२ वर हवी तर गावातली उंची १८.६ मीटर येते. पृथ्वीची वक्रता सागापाशी १० सेंमीसुद्धा भरत नाही, सोडून द्या.

म्हणजे स्लॅबवर ४ मीटरचा पाइप, एकूण १९. पडताळा असा करा: घराच्या ६ मीटरवरून पाहिलं तर रेषा सागापाशी १०.३ मीटरवर येते, म्हणजे झाडाच्या बरोबर मध्यात. मार्चमध्ये मिळालेला सिग्नल फांद्यांतून गळून आलेला होता.

१२० घरांवर १२० मिलिमीटर वेव्ह सीपीई लावायच्या कल्पनेला मग अर्थ उरत नाही. टाकीवर एकच चांगली सीपीई, आणि तिथून गावात ५.८ गिगाहर्ट्झचे ९० अंशांचे चार सेक्टर (ठरावीक कोनात सिग्नल पसरवणाऱ्या अँटेना). ४०० मीटरला ५.८ वर लॉस १०० डीबी. ३६ डीबीएम पाठवून घरी १६ डीबी गेनची अँटेना लावली तर −४८ मिळतात. मध्ये १० मीटरचा कडुनिंब आला तर ७-८ डीबी जातात, तेवढं सहन होतं. मात्र टाकीवरच्या एका लिंकवर सगळं गाव येईल, म्हणून कंपनीकडून ४०० मेगाहर्ट्झ पूर्ण मिळतात का ते विचारा. १०० वर संध्याकाळी रडारड होईल.

भारी जमीन

गणित बरोबर हाय राजेहो, पण ते जमिनीवर उभं करा लागते. काळ्या मातीत पोल गाडायचा विचार डोक्यात असन तं काढून टाका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आन् पोल दरवर्षी अंश-दोन अंश कलते. १०२४ घटकांचा बीम ३.२ अंशांचा, म्हणजे १.६ अंश सरकला का अर्धी पॉवर गेली. अ‍ॅरेवाली सीपीई स्वतः बीम फिरवते म्हणून वाचते. डिश असती तं दर पावसाळ्यात पान्हा घेऊन चढा लागलं असतं. टाकीचा पाया मुरमात असते, म्हणून टाकी बरी. दुसरीकडे पोल लावायचाच असन तं मुरूम लागेपर्यंत खोल जा, नाई तं अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर असलेला खोल पाया) करा.

दुसरं, अर्थिंग. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे-जूनात, वीज सगळ्यात जास्त पडते आन् नेमकी तवाच भेगाळलेली माती इलेक्ट्रोडपासून सुटलेली राह्यते. ऑगस्टात मोजलेला २ ओहम मे महिन्यात १० च्या वर दिसू शकते. मोजमाप मे महिन्यात करा, ५ च्या खाली आलं पाह्यजे. तीन रॉड ३-३ मीटरचे, एकमेकांपासून ३ मीटरवर, वरून पट्टीनं जोडलेले, भवताली बेंटोनाइट. कोळसा-मीठ टाकलं तं रॉड खाते. टाकीवरून उतरणाऱ्या इथरनेट केबलला दोन्ही टोकाले सर्ज अरेस्टर, आन् दोन्हीचं अर्थ एकच. निरनिराळे अर्थ केले तं वीज पडल्यावर त्या दोन अर्थांमधला फरक तुमच्या स्विचमधून जाते.

वानरं. हसू नका. केबल लोंबकळती दिसली का झोका घेतेत. वरपासून खालपर्यंत जीआय पाइपातून न्या, क्लॅम्प दर ६०० मिमीवर. पॅनलच्या मांग गांधीलमाशा पोळं करतेत, चढणाऱ्याले आधी दुर्बिणीनं पाहाले सांगा.

टाकीवर पाइप लावायच्या आधी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. आन् स्लॅबले भोकं पाडू नका. टाकी गळू लागली तं नाव तुमचंच येईन. कठड्याले यू-क्लॅम्पनं बांधा, ५० मिमी व्यासाचा, जाड भिंतीचा जीआय पाइप, तीन दिशेले स्टे. चार मीटर मोकळा पाइप वाऱ्यात हालते, आन् त्या टोकावर सेक्टर नका टांगू. वर फक्त सीपीई, सेक्टर खाली कठड्यापाशी.

आयआरसी-बीम

तिसरा प्रश्न राहिला. नियर फील्डची हद्द साधारण २डी²/लॅम्डा (डी म्हणजे पॅनलची लांबी, लॅम्डा म्हणजे तरंगलांबी). तुमच्या १०२४ च्या पॅनलचा कर्ण २६ सेंमी, म्हणजे हद्द १२ मीटर. गाव ३ किमीवर. तिथे पोहोचेपर्यंत लाटा सपाट झालेल्या असतात; पॅनलला दिशा कळते, अंतर कळत नाही. एकाच दिशेत मागे-पुढे असलेली दोन घरं मोकळ्या रेषेत त्याला एकच. वेळेचा किंवा वारंवारितेचा वाटा करूनच द्यावं लागेल.

१ मीटर बाजूचा पॅनल घेतला तरी घटक ३०,००० च्या घरात जातात आणि हद्द बाजूवरून मोजली तर १७३ मीटर. शिवाय अंतरावर ‘फोकस’ करून वेगळं काढणं जमतं ते या हद्दीच्या साधारण दहाव्या भागापर्यंतच. ३ किमीवर तसं करायचं तर १३ मीटर लांबीचा अ‍ॅरे हवा. ही कल्पना खोटी नाही, तिची जागा वेगळी आहे: बाजार समितीचं यार्ड, रेल्वे स्टेशनचं छत, कारखान्याचा शेड, जिथे अ‍ॅरे भिंतभर पसरतो आणि वापरणारा वीस-तीस मीटरवर असतो.

२०१० मध्ये बेल लॅब्सच्या मार्झेट्टा यांनी बेस स्टेशनवर अमर्याद अँटेना ही मांडणी केली तेव्हा प्रत्येक अँटेनामागे स्वतंत्र डिजिटल साखळी (स्वतःचा सिग्नल बनवणारा संच) गृहीत होती. तुमच्या पॅनलमध्ये तसं नाही. तिथे १०२४ घटकांमागे बहुधा दोन किंवा चार डिजिटल साखळ्या असतात, बाकी सगळे फेज शिफ्टर (लाट मागे-पुढे करून बीम वळवणारे भाग). म्हणजे एका क्षणी दोन-चार बीम. ‘१०२४ घटक म्हणजे १०२४ घरं एकदम’ असं विक्रेता म्हणाला तर त्याला साखळ्या किती ते विचारा, गप्प बसेल.

फेज शिफ्टरचा आणखी एक दोष, बीम स्क्विंट. बीम ४५ अंशाला वळवला तर ४०० मेगाहर्ट्झच्या दोन टोकांवर दिशा ±०.४४ अंश सरकते. ३२ घटकांच्या रांगेला बीम तिथे साडेचार अंशांचा, काही फरक पडत नाही. एकाच रांगेत २५६ घटक असले (तुमचं १६ × १६ नव्हे) तर तो अर्ध्या अंशाचा असतो, मग पट्ट्याची टोकं घराच्या बाजूने निघून जातात आणि ट्रू टाइम डिले (फेजऐवजी खरा वेळेचा विलंब) लागतो. तुम्हाला ही काळजी नको. पॅनल गावाच्या दिशेलाच तोंड करून लावा, स्क्विंट शून्याजवळ राहील आणि तिरक्या बीमचा गेन-लॉसही वाचेल.

डेसिबल

तरंगलांबी यांच्या एका मुद्द्याशी सहमत नाही. १०२४ ला इतक्या सहज बाद करू नका. डाउनलिंक (टॉवरकडून घराकडे) सगळे मोजतात, मरतो अपलिंक (घराकडून टॉवरकडे). फिक्स्ड वायरलेसची पॉवर क्लास १ सीपीई ४० डीबीएम ईआयआरपी देते असं धरा. १३० लॉस, २५६ चा गेन २९, म्हणजे टॉवरवर −६१. १०० मेगाहर्ट्झवर (टॉवरची नॉइज फिगर ६ धरून) नॉइज −८८, एसएनआर २७. त्यातून ५० मिमीच्या पावसाचे २२ गेले की ५ उरतात, डाउनलिंकला ११ उरलेले असताना. ऐकण्याच्या बाजूला १०२४ चे ६ डीबी पॉवर न वाढवता, उष्णतेत फारशी भर न घालता मिळतात. पाठवताना एकूण २.५ वॅटच ठेवा.

शिवाय मोठ्या अ‍ॅरेत दहा टक्के घटक बंद पडले तरी ईआयआरपी जेमतेम १ डीबी घटतो. मधल्या वर्षांत कोणी टॉवरवर चढणार नसेल तर हे फार मोलाचं. उन्हाने फेज थोडे भरकटले, समजा २० अंश, तरी मुख्य बीमचा अर्धाच डीबी जातो. वाढतात ते साइड लोब (बाजूचे नको असलेले बीम).

तरंगलांबी

अपलिंकचं मान्य, आणि तो आकडा मी काढायला हवाच होता. तरीही एका टाकीसाठी १०२४ घेणार नाही. टाकीवरची सीपीई जास्त गेनची घेतली, २२ ऐवजी २८, तर तेच ६ डीबी दोन्ही दिशांना मिळतात आणि फार स्वस्तात. टॉवरच्या त्याच सेक्टरमध्ये (पॅनलच्या व्यापात) ३ किमीच्या आसपास आणखी तीन-चार गावं येत असतील तर १०२४ चा विचार करा.

त्यातही एक मेख आहे. सीपीई नेटवर्कला पहिल्यांदा सापडते ती एसएसबीच्या (टॉवर ठरावीक वेळाने पाठवतो त्या ओळख-सिग्नलच्या) बीमवर, आणि ५जीत या पट्ट्यात ते जास्तीत जास्त ६४. ३.२ अंशांच्या बीमने १२० अंश व्यापायला एका ओळीलाच ३८ लागतात. म्हणून कंपन्या एसएसबीला मुद्दाम रुंद बीम देतात, त्याचा गेन ६ ते १२ डीबी कमी असतो. परिणाम असा की डेटा चालला असता तिथेही सीपीईला सेल दिसतच नाही, आणि पावसात लिंक तुटल्यावर पाऊस ओसरला तरी परत जोडायला वेळ लागतो. सेक्टर गावांपुरता अरुंद ठेवायला सांगा. १२० ऐवजी ३० अंश व्यापायचे असतील तर एसएसबीही अरुंद बीमवर जाऊ शकतात.

पैनगंगाकाठ

सेक्टरमध्ये सध्या एकच गाव, त्यामुळे २५६ आणि टाकीवर जास्त गेनची सीपीई असं ठरवतोय. वीज: गावात रात्रीसुद्धा जाते, कधी १०-१२ तास. टाकीवरच्या सामानाला बॅटरी किती?

भारी जमीन

सीपीई ३० वॅट, चार सेक्टर ४०, स्विच १५. एकूण ८५. बारा तासाले १०२० वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्केच रिकामी करायची म्हणून १२८०, म्हणजे ५१.२ व्होल्ट २५ एएच. उन्हाळ्याची झीज धरून ३० एएच घ्या. बॅटरी टाकीवर नको, खाली पंपाच्या खोलीत, भिंतीवर, जमिनीपासून दीड मीटर. वरच्या पेटीले पांढरा रंग आन् दुहेरी छप्पर, मध्ये ५० मिमी हवा. पंपाच्या मीटरवरून लाइन घेऊ नका. पंप सुरू होताना व्होल्टेज पडते आन् स्विच रिसेट होते. वेगळं सिंगल फेज मीटर मागा, ठरावात तेही लिहून घ्या.

तरंगलांबी

आणि पाइप लावल्यावर सप्टेंबरात एकदा, पानं पूर्ण असताना, कोरड्या दिवशी आरएसआरपी (संदर्भ-सिग्नलची पॉवर) नोंदवा. गणिताने −४८ आले ते ४०० मेगाहर्ट्झची एकूण पॉवर धरून; सीपीईच्या पडद्यावर आरएसआरपी त्याहून ३५ डीबी खाली दिसेल, कारण ती एका सबकॅरियरची (पट्ट्याच्या एका अरुंद वाट्याची) असते आणि १२० किलोहर्ट्झ अंतराने ४०० मेगाहर्ट्झमध्ये असे ३१६८ सबकॅरियर बसतात. २८ गेनची सीपीई असेल तर −७७ च्या आसपास अपेक्षा ठेवा, एसएसबीचा बीम रुंद असेल तर −८९ पर्यंतही. त्याहून खाली दिसलं तर आधी पाइपाची उंची टेपने मोजा.